चार चाकांचा दांडा

जीपमध्ये तीन दांडे होते. एक लांब, नेहमीच्या गिअरचा. त्याच्या बाजूला दोन आखूड. त्यातला एक पुढे-मागे केला की इंजिनाची ताकद एकतर फक्त मागच्या दोन चाकांना जायची, नाहीतर चारही चाकांना. दुसऱ्या आखूड दांड्याने वेग हवा की ओढ हवी ते ठरायचं. ओढ घेतली की गाडी माणसाच्या चालीने चालायची, पण म्हणाल त्या चढावर चढायची. समोरच्या पत्र्यावर एक लहानशी पितळी पट्टी स्क्रूने बसवलेली होती. तिच्यावर हे सगळं आकृत्यांसह इंग्रजीत लिहिलेलं होतं.

ती पट्टी वाचू शकणारी आमच्या आरोग्य केंद्रात दोनच माणसं होती. एक डॉक्टर साहेब आणि दुसरा मी, तिथला कारकून.

तेव्हा मला या गोष्टीचा फार अभिमान होता. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मला बी.ए. होऊन वर्षही झालं नव्हतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील मी मॅट्रिकला असतानाच गेले. पुढे भंडाऱ्याला राहून मी जे काही शिकलो ते माझ्या मोठ्या बहिणीमुळे. तिला आम्ही सगळे बाई म्हणतो. तिचं सासर दिघोरीच्या आतल्या अंगाला. धानाची रोवणी सुरू झाली की ती दिवसभर लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, वाकून पऱ्हे, धानाची रोपं, लावायची, आणि तिच्या मजुरीवर माझं कॉलेज चालायचं. पाण्यात राहून राहून तिच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या व्हायच्या, कातडी फाटायची. सुट्टीत गेलो की मी तिला मोहाच्या बियांचं तेल लावून द्यायचो. ती पाय आखडून घ्यायची आणि म्हणायची, "सोड रे, पुस्तकाले तेल लागीन."

मला नोकरी लागली तेव्हा तिने गावात साखर वाटली. "माहा भाऊ साहेब झाला," असं सांगत फिरली. मी कारकून झालो होतो, पण तिला ते समजावणं मला जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसा प्रयत्नही केला नाही.

जीपचे ड्रायव्हर माझ्या वडिलांच्या वयाचे होते. पूर्वी तुमसरला राईस मिलच्या ट्रकवर होते. त्यांना सही करता यायची, त्यापलीकडे नाही. कोणता दांडा कधी टाकायचा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "बुडाखाली समजते बाबू. मागची चाकं रेंगू लागली का शीट सांगते. मंग चार चाकं टाकाची."

"आणि तो तिसरा दांडा?"

"तो मरनाच्या वक्ताले."

त्या पावसाळ्यात वरच्या कार्यालयातून पत्र आलं. जीप पेट्रोल जास्त पिते आहे, खुलासा द्या. डॉक्टर साहेबांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी पितळी पट्टी वाचली, जीपसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका दोन दिवस बसून वाचली. टणक, पक्क्या रस्त्यावर चार चाकांचा दांडा वापरू नये, त्याने पेट्रोल जास्त लागतं आणि दातेरी चक्रं झिजतात, असं तिच्यात होतं. मला उत्तर सापडलं. ड्रायव्हर विनाकारण चार चाकं टाकतात, असा मी निष्कर्ष काढला. ते कुठल्या रस्त्याने जातात हे मी पाहिलं नव्हतं. मी कधी त्यांच्यासोबत फिरलो नव्हतो.

मी त्यांना एक लेखी कागद दिला. यापुढे पेट्रोलची सरासरी सुधारली नाही तर कारवाई होईल, असं त्यात लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. शिवाय एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात मराठी तक्ता केला. डांबरी रस्ता, दोन चाके. मुरूम, दोन चाके. चिखल, वाळू, नाला, चार चाके, तेही गरज असल्यासच. खोल चिखल किंवा उभा चढ, आधी गाडी थांबवून मग तिसरा दांडा. तो तक्ता मी जीपमध्ये दोरीने बांधला.

ड्रायव्हरांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला. "हे चिखलाले दाखवा बाबू. त्याले वाचता येते का पाहा."

नर्सबाई हसल्या. मला राग आला.

पण पुढच्या महिन्यापासून सरासरी खरंच सुधारली. डॉक्टर साहेब मला सगळ्यांसमोर शाबास म्हणाले. मी ती शाबासकी घेऊन घरी गेलो आणि बाईला पोस्टकार्ड टाकलं, कोणीतरी वाचून दाखवील म्हणून.

त्याच सुमारास ड्रायव्हरांनी माझ्या टेबलाखाली एक पोतं आणून ठेवलं. दोन-अडीच हाताचं, गुंडाळून सुतळीने बांधलेलं. "थोडं लोखंड हाये बाबू. राहू द्या इथंच." मी विचारलं नाही. पावसाळ्यात आमच्या खोलीची फरशी ओली राहायची. मी चपला काढून त्या पोत्यावर पाय ठेवून बसायचो. छान उंचीचं होतं.

रोवणी संपत आली होती तेव्हा त्या भागात हगवणीची साथ आली. डॉक्टर साहेब एका नर्सला घेऊन तिकडेच एका गावाच्या शाळेत मुक्काम टाकून बसले. ते बाईच्या सासरचंच गाव. मी कागदांवर त्या गावाचं नाव रोज लिहीत होतो. बाईचं घर गावाच्या टोकाला, विहीर वेगळी, तिथपर्यंत काही जाणार नाही, असं स्वतःला सांगत होतो.

एका सकाळी जीप परत आली ती डॉक्टर साहेबांची चिठ्ठी घेऊन. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या आहेत, भंडाऱ्याहून ताबडतोब आणाव्यात. तिथल्या कोठारात सही करायला माणूस हवा म्हणून मी ड्रायव्हरांसोबत निघालो. बाटल्या काचेच्या होत्या, लाकडी खोक्यांमध्ये धानाच्या तणसात ठेवलेल्या. आम्ही त्या जीपमध्ये भरल्या, वरून पोती कोंबली. दुपार व्हायच्या आत साकोली मागे टाकली.

साकोली सोडल्यावर ड्रायव्हर म्हणाले, "बाबू, एक सांगाचं होतं."

"सांगा."

"तुमची बाई बी तिथंच हाये. शाळेत."

मी त्यांच्याकडे वळलो.

"काल सांजपासून. आवाज बसला हाये तिचा. साहेबानं एक बाटली लावली. दुसरी पुरवून पुरवून देऊन राहिले."

"सकाळीच का नाही सांगितलं?"

"सही कराची होती ना तुम्हाले. हात थरथरला असता."

त्यानंतर मी रस्त्याकडे पाहिलं नाही. मी त्यांच्या पायाकडे पाहत होतो, तो पाय आणखी खाली जावा म्हणून. जात होता तेवढा ते नेत होते. खोक्यांमधून काचेवर काच लागल्याचा बारीक आवाज येत होता, आणि प्रत्येक खड्ड्याला मला वाटायचं, आता फुटल्या.

दिघोरीच्या पुढे एका तलावाजवळ रस्ता फुटतो, एक फाटा तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, जातो. तिथे त्यांनी गाडी थांबवली.

"इकडून पाळीवरून जाऊ. लंबा हाये, पन मुरूम हाये."

"किती वेळ?"

"सव्वा तास धरा."

"आणि पांदणीने?"

पांदण म्हणजे बांध्यांच्या मधून जाणारा बैलगाडीचा रस्ता. ती समोर सरळ दिसत होती, आणि पलीकडे झाडांमध्ये गावही दिसत होतं. दिसत होतं, हेच वाईट झालं.

ड्रायव्हरांनी पांदणीकडे पाहिलं. "सुकी असली त पाव तास. पन आता रोवनीचं सगळं पानी पांदनीत येऊन राहिलं बाबू."

"मग चार चाकं टाका. कशासाठी दिली आहेत सरकारने?" मी पितळी पट्टीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलं आहे. चिखलासाठीच आहेत."

त्यांनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "लंबा रस्ता घेऊ. माह्यं ऐका."

"माझी बहीण आहे ती!" मी ओरडलो. "तुमची असती तर?"

त्यांनी गाडी पांदणीत घातली.

सुरुवातीला आम्ही चाललो. चिखल उडत होता, गाडी मागून इकडे-तिकडे जात होती, पण चालत होती. मला वाटलं, बघा, उगाच घाबरत होते. मग पांदण एका नाल्याला उतरली. पाणी गुडघाभर, खाली काळी गाळवट माती. मध्यापर्यंत गेलो आणि गाडी मागून बसली.

"दांडा टाका!"

ते दुसऱ्या गिअरवर हळूहळू रेस देत राहिले. दांड्याला हात लावेनात.

"अहो, दांडा टाका ना!"

त्यांनी ऐकलं नाही म्हणून मी स्वतः वाकून चार चाकांचा दांडा ओढला. तो सहज आला. मग तिसराही ओढला. मला दोन्हींची जागा तोंडपाठ होती. इंजिन किंचाळलं. गाडी एक वीतही पुढे गेली नाही, उलट मागून आणखी खाली गेली. मी उडी मारून चिखलात उतरलो. मागची चाकं गरगरत होती आणि आपल्यासाठी खड्डा खणत होती. पुढची चाकं पाहुण्यांसारखी उभी होती. टायरवरचा चिखल तसाच्या तसा.

"पुढची फिरत नाहीत!"

ड्रायव्हरांनी इंजिन बंद केलं. "फिरनार नाईत."

"काहून?" माझ्या तोंडून गावचा शब्द निघाला. नोकरी लागल्यापासून मी तो बोललो नव्हतो.

"समोरचा शाफ्ट गाडीले नाई. काढला म्या."

पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. तो नसला की वरचा चार चाकांचा दांडा ओढा किंवा न ओढा, सारखंच.

"कधी काढला?"

"तुमचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. समोरचं वजन फुकट फिरते, पेट्रोल खाते. तुम्हाले सरासरी पाह्यजे होती."

"कुठे आहे तो?"

"तुमच्या टेबलाखाली. पोत्यात."

मी त्यांची कॉलर धरली. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसाची. "मघाशी तलावाजवळ काहून नाही सांगितलं?"

त्यांनी माझा हात झटकला नाही. "सांगितलं असतं त तुम्ही अजून एक कागद लिहिला असता. सरकारी सामान काढलं म्हनून. माह्या घरी सहा तोंडं हायेत बाबू." मग हळूच म्हणाले, "लंबा रस्ता घेऊ म्हनलो होतो मी."

खरं होतं. म्हणाले होते. दोनदा.

मी कॉलर सोडली. पलीकडच्या बांधीत बाया रोवणी करत होत्या. आमचा तमाशा पाहून ओळ थांबली होती. त्यांच्यातली एक वयस्क बाई कमरेवर हात ठेवून ओरडली, "काय जी साहेब, गाडी रोवून राहिले का? थोडी उथळ लावा, सडून जाईन!"

सगळ्या हसल्या. मी त्यांच्याकडे चिखल तुडवत गेलो आणि हात जोडले. बाटल्या आहेत, त्या गावाला न्यायच्या आहेत, माझी बहीण तिथे आहे, एवढंच मला सांगता आलं. त्यांचं हसणं थांबलं. एकमेकींकडे पाहिलं. त्या गावावर मरीमाय आली होती. मंत्राने गाव बांधलं होतं, आणि बाहेरच्या कोणी शिवेच्या आत पाय टाकायचा नव्हता.

वयस्क बाईने विचारलं, "कोनती बहीन तुही?"

मी सांगितलं. गावाच्या टोकाचं घर.

"रोवनीले येते ते? भावाले शिकवलं ते?"

मी मान हलवली.

"शिवेवरी आनून देऊ," ती म्हणाली. "आत नाई येनार." आणि ओळीकडे वळून, "ओता व पऱ्हे. टोपल्या घ्या."

त्यांनी टोपल्यांतली रोपं धुऱ्यावर, दोन बांध्यांमधल्या बांधावर, ओतली, थोडी तळाला ठेवली आणि त्या हिरव्या ओल्या गादीवर एकेक बाटली आडवी निजवली. हातभर रुंदीच्या धुऱ्यावरून आम्ही एकामागे एक निघालो. बाया सरसर पुढे गेल्या. मी आणि ड्रायव्हर डोक्यावर खोकं घेऊन मागे. माझी मान थरथरत होती. शाळेत जाऊ लागल्यापासून मी डोक्यावर ओझं घेतलं नव्हतं, बाईने घेऊच दिलं नव्हतं. एका वळणावर पाय घसरला आणि मी खोक्यासकट बांधीत पडलो. काच फुटल्याचा आवाज आला. फुटक्या बाटल्यांचं पाणी चिखलात जाताना मला दिसत होतं, आणि मी तिथेच बसून रडू लागलो.

वयस्क बाई मागे आली. डोक्यावरची टोपली न उतरवता तिने एक हात पुढे केला. "ऊठ रे बावा. रडाले मंग टाइम हाये."

मी उठलो. राहिलेल्या बाटल्या घेऊन निघालो. पण धुरा सरळ जात नव्हता. प्रत्येक बांधीला वळसा होता. गाव डाव्या हाताला दिसायचं, मग उजव्या हाताला, आणि जवळ येत नव्हतं. सूर्य कलायला लागला होता.

शिवेवर शेंदराचा दगड आणि कडुलिंबाच्या डहाळ्या होत्या. बायांनी टोपल्या तिथे ठेवल्या, दगडाला हात जोडले आणि त्या मागे सरकल्या. मी शाळेच्या दिशेने ओरडत सुटलो. चार माणसं धावत आली.

बाई वर्गात होती, फळ्याखाली. मी तिला आधी ओळखलं नाही. डोळे खोल गेले होते. हाताच्या बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडली होती, दिवसभर रोवणी केल्यावर पडायची तशी, पण त्या दिवशी तिने पाण्यात हात घातला नव्हता. डॉक्टर साहेबांना तिची शीर सापडेना. शेवटी त्यांनी घोट्याजवळ कातडी कापून शीर शोधली आणि तिथे सुई घातली. मी पाय धरून बसलो. बोटांमधल्या चिखल्यांचे जुने व्रण माझ्या हाताला लागत होते. थेंब पडू लागला. मी थेंब मोजत होतो, कारण थांबलो तर तोही थांबेल असं वाटत होतं.

तिच्या बाजूला लुगड्याने झाकलेलं कोणी होतं. नर्सबाईंना मी खुणेने विचारलं.

"सासू तिची," त्या म्हणाल्या. "आत्ता अर्ध्या तासापूर्वी. शेवटची बाटली बाईला लावली होती ना."

मी हिशोब करू लागलो. पाळीवरून आलो असतो तर सव्वा तास. आम्हाला तलावापासून तीन तास लागले होते. मी पुन्हा केला. पुन्हा तेच आलं. पुढे कित्येक वर्षं मी हा हिशोब करत आलो आहे.

दिवे लागायच्या वेळेला बाईने डोळे उघडले. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"जेवला का रे?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रेड्यांच्या दोन जोड्या लावून जीप ओढून काढली. केंद्रात आल्यावर ड्रायव्हरांनी माझ्या टेबलाखालून पोतं ओढलं, सुतळी सोडली आणि गाडीखाली शिरले. मी पाने हातात देत बाजूला उकिडवा बसलो.

"आता सरासरी पडीन बाबू," ते खालून म्हणाले.

"पडू द्या."

तक्ता मी सोडून घेतला. डॉक्टर साहेबांनी उशिराचा खुलासा मागितला. तो लिहिणं माझंच काम होतं. 'मुसळधार पावसामुळे पांदण रस्ता खचल्याने विलंब झाला,' असं मी लिहिलं. त्या दिवशी पावसाचा थेंबही पडला नव्हता. ड्रायव्हरांनी खाली सही केली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी काय लिहिलं असेल ते त्यांना ठाऊक होतं. शाफ्टबद्दल ते कधी कोणाजवळ बोलले नाहीत. निवृत्त झाले, पुढे वारले. मला वाचवलं की स्वतःला, हे मी त्यांना विचारू शकलो नाही.

बाई अजून आहे. आल्या-गेल्याला सांगते, "माह्या भावानं डोक्यावर बाटल्या आनल्या म्हनून मी हाये." सासूची गोष्ट निघाली की म्हणते, "तिची वेळ भरली होती, तिले कोन काय करीन." मी तिथेच बसलेलो असतो. लोक माझ्याकडे कौतुकाने पाहतात. मी चहा पितो.

बाईला वाचता येत नाही. इतकी वर्षं मला त्याचाच आधार होता. पण तिची नात आता साकोलीला कॉलेजात जाते, आणि माझं काही छापून आलं की आजीच्या बाजेवर बसून मोठ्याने वाचून दाखवते. हेही ती वाचील.

बाई, पाळीवरचा रस्ता सव्वा तासाचा होता.